जोखीम मोजायची कशी? नजरअंदाज, आकडेमोड आणि जायकवाडीचे पाणी

परभणी : खरीप हंगामातील पिकांची पैसेवारी हा मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी जाहीर होते, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम. पहिल्या टप्प्यात गावशिवारातील पीक डोळ्यांनी पाहून अंदाज बांधला जातो. अंतिम टप्प्यात पीक कापणी प्रयोग करून, उत्पन्नाचे वजन करून आकडा ठरतो. तो आकडा पन्नास पैशांच्या वर गेला की खाली राहिला, यावर गावाला मिळणाऱ्या सवलती अवलंबून असतात. नजरेचा अंदाज लवकर हाती येतो, पण तो पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतो. वजनकाट्याचा आकडा नेमका असतो, पण तो उशिरा येतो आणि कापणीसाठी कोणते शेत निवडले यावर त्याचा खरेपणा अवलंबून असतो.

एखाद्या मोठ्या प्रकल्पाची जोखीम तपासताना नियोजनकर्त्यांसमोर नेमका हाच पेच असतो. व्यवस्थापनशास्त्रात या दोन वाटांना गुणात्मक आणि संख्यात्मक मूल्यमापन अशी नावे आहेत. त्यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर तज्ज्ञांमध्ये दीर्घकाळ वाद होत आला आहे. परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने हा वाद केवळ पुस्तकी नाही. जिल्ह्यातील पाथरी, मानवत, परभणी आणि पूर्णा या तालुक्यांतील शेती ज्या जायकवाडी प्रकल्पाच्या भरवशावर उभी राहिली, त्याच्या नियोजनात आकडे होते, तज्ज्ञ होते आणि अनुभवही होता. तरीही कालव्याच्या शेवटच्या भागातील शेतकऱ्याला पाण्याची शाश्वती मिळाली नाही. असे का घडले, हे पाहिल्यास दोन्ही पद्धतींचे बळ आणि दोन्हींच्या मर्यादा स्पष्ट होतात.

दोन वाटा, दोन भाषा

गुणात्मक पद्धतीत प्रथम संभाव्य धोक्यांची यादी केली जाते. भूसंपादन रखडेल का, निधी वेळेवर मिळेल का, वरच्या भागात नवी धरणे होतील का, कालवा फुटेल का, असे प्रश्न विचारले जातात. प्रत्येक धोका घडण्याची शक्यता आणि त्याचा परिणाम यांना कमी, मध्यम किंवा जास्त अशी श्रेणी दिली जाते. ही सारी माहिती जोखीम नोंदवहीत लिहिली जाते. तज्ज्ञांची मते स्वतंत्रपणे व अनेक फेऱ्यांत घेऊन सहमतीकडे जाण्याची ‘डेल्फी’ पद्धत याच वाटेवरची. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात ती विकसित झाली.

संख्यात्मक पद्धतीत या श्रेणींच्या जागी संभाव्यता, रुपये, महिने आणि घनमीटर येतात. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ च्या सुमारास ‘पर्ट’ हे तंत्र तयार झाले. त्यात प्रत्येक कामासाठी सर्वांत अनुकूल, सर्वांत शक्य आणि सर्वांत प्रतिकूल असे तीन कालावधी गृहीत धरतात. उदाहरणादाखल एखाद्या कालव्याच्या अस्तरीकरणाला सारे सुरळीत झाल्यास ८ महिने, सामान्यतः १२ महिने आणि सर्व विघ्ने आल्यास २८ महिने लागतील असे मानू. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज केली आणि तिला सहाने भागले, तर अपेक्षित कालावधी १४ महिने येतो. निविदेत मात्र १२ महिनेच लिहिले जातात. प्रकल्प का रखडतात, याचे एक साधे उत्तर या दोन महिन्यांच्या फरकात दडलेले आहे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत. १९४० च्या दशकात लॉस आलामोस येथे स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती पुढे आणली. पाऊस, खर्च, विलंब यांची हजारो काल्पनिक वर्षे संगणकावर चालवून पाहायची आणि त्यांतील किती वर्षांत प्रकल्प अपयशी ठरतो हे मोजायचे, असे तिचे स्वरूप आहे.

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच एक महत्त्वाचा भेद मांडला होता. ज्या धोक्याची संभाव्यता मोजता येते ती जोखीम आणि जिची मोजता येत नाही ती अनिश्चितता. पावसाच्या शंभर वर्षांच्या नोंदी असतील तर कमी पावसाची संभाव्यता काढता येते. मात्र तीस वर्षांनी वरच्या जिल्ह्यांतील पाणीवापर किती वाढेल, याचे उत्तर कोणत्याही पर्जन्यमापकात सापडत नाही.

७५ टक्क्यांचा हिशेब

पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी धरणाचे लोकार्पण केले. नाथसागराची एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यातील उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी आहे. डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी या जिल्ह्यांतील १ लाख ४१ हजार ६४० हेक्टर क्षेत्र त्याच्या लाभक्षेत्रात धरण्यात आले. उजव्या कालव्याचे लाभक्षेत्र ४१ हजार ६८२ हेक्टर आहे.

देशातील सिंचन प्रकल्पांचे नियोजन साधारणतः ७५ टक्के विश्वासार्हतेच्या येव्यावर केले जाते. अवर्षणप्रवण भागात ही अट ५० टक्क्यांपर्यंत शिथिल होते, जलविद्युत प्रकल्पासाठी ती ९० टक्के असते आणि पिण्याच्या पाण्यासाठी त्याहूनही कडक. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत नियोजित पाणी मिळेल. हा निखळ संख्यात्मक निकष आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की दर चार वर्षांतील एक वर्ष तुटीचे राहणार, हे नियोजनकर्त्यांनी आधीच मान्य केलेले असते. लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला मात्र ही अट कोणी समजावून सांगत नाही. त्याच्या लेखी कालवा आला म्हणजे पाणी आले.

या निकषाचा गणिती अर्थ आणखी थोडा पुढे नेला पाहिजे. प्रत्येक वर्ष स्वतंत्र मानले, तर चार वर्षांच्या कालावधीत किमान एक वर्ष तुटीचे निघण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. लागोपाठ दोन वर्षे तुटीची असण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे ६.२५ टक्के येते. कागदावर ही शक्यता किरकोळ वाटते. प्रत्यक्षात २०१२ च्या दुष्काळानंतर २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे मराठवाड्यात लागोपाठ तुटीची गेली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. एका वाईट वर्षानंतर शेतकरी कर्ज काढून उभा राहतो, दुसऱ्या वाईट वर्षानंतर त्याच्याकडे काढायला कर्जही उरत नाही. विश्वासार्हतेचा आकडा किती वर्षे तुटीची असतील हे सांगतो. तूट किती खोल असेल, ती लागोपाठ येईल का आणि तिचा भार नेमका कोणावर पडेल, याबाबत तो काहीच सांगत नाही.

नोंदवहीत न आलेले धोके

जायकवाडीच्या बाबतीत आकडेमोड चुकली, असे सरसकट म्हणणे सोपे आहे. परंतु आकडेमोड ज्या गृहीतकांवर उभी होती, ती गृहीतके बदलली, हे अधिक अचूक ठरेल. पैठणच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा, निळवंडे, मुकणे अशी धरणे आहेत. यांतील काही जायकवाडीच्या आधीची, काही नंतरची. वरच्या भागाने किती पाणी वापरावे याचा एक हिशेब नियोजनात होता. तो हिशेब पाळला जाईल, हे मात्र केवळ गृहीत होते. गोदावरी पाणीतंटा लवादापुढील १९७५ च्या करारानुसार पैठणपर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पूर्णेचे पाणी वापरण्यास महाराष्ट्राला मुभा मिळाली. राज्याराज्यांतील तंटा मिटला. राज्याच्या आतील जिल्ह्याजिल्ह्यांत ते पाणी कसे वाटायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

वरच्या भागातील साखर कारखाने, फळबागा, वाढती शहरे आणि त्यांच्यामागे उभे राहणारे राजकीय बळ हा धोका कोणत्याही पर्जन्यनोंदीत नव्हता. तो संख्येचा नव्हे, समजुतीचा विषय होता. गावातील जाणत्या माणसाला ‘वरच्यांनी अडवले तर खाली काय येणार’ हे कळत होते. पण त्या शहाणपणाला नियोजनाच्या कागदात रकाना नव्हता.

दुसरा धोका कालव्यावरच निर्माण झाला. जायकवाडीचे नियोजन बारमाही उसासाठी नव्हते, आठमाही पिकांना प्राधान्य देणारे होते. कालव्याच्या तोंडाशी हमखास पाणी मिळू लागताच तेथे ऊस वाढला. पाण्याचा हिशेब पिकांच्या एका रचनेवर आणि प्रत्यक्ष शेती दुसऱ्या रचनेवर, अशी फारकत झाली. तिसरा धोका कालव्याच्या वयाचा. अस्तर उखडणे, झुडपे वाढणे, चाऱ्या बुजणे यांमुळे वहनव्यय वाढतो आणि त्याची झळ शेवटच्या टोकाला सर्वाधिक बसते. चौथा धोका खुद्द जलाशयाचा. नाथसागर उथळ आणि पसरट आहे. सुमारे ३५० चौरस किलोमीटरच्या या जलाशयातून होणारे बाष्पीभवन आणि तळाशी साचणारा गाळ हे दोन्ही घटक साठ्याचा मोठा वाटा गिळतात.

या चारही धोक्यांत एक समान धागा आहे. त्यांपैकी एकही अज्ञात नव्हता. अभियंत्यांना, कालवा निरीक्षकांना, शेतकऱ्यांना ते ठाऊक होते. परंतु कोणी तरी पद्धतशीरपणे विचारून, नोंदवून ते हिशेबात आणले नाहीत. जो धोका नोंदवला जात नाही तो मोजला जात नाही आणि जो मोजला जात नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

सरासरीच्या आड दडलेला शेतकरी

संख्यात्मक पद्धतीचा आणखी एक दोष परभणीला विशेष जाणवतो. समजा, एका कालव्यावर तोंडाशी शंभर आणि शेवटी शंभर शेतकरी आहेत. तोंडाकडील शेतकऱ्याचे आवर्तन वीस वर्षांत एकदा चुकते. शेवटच्या शेतकऱ्याचे दर दुसऱ्या वर्षी चुकते. पहिल्याची जोखीम ५ टक्के, दुसऱ्याची ५० टक्के. प्रकल्पाची सरासरी काढली तर ती २७.५ टक्के येते. ७५ टक्के विश्वासार्हतेच्या निकषाजवळ हा प्रकल्प जवळजवळ उत्तीर्ण ठरतो. पण २७.५ टक्के जोखीम असलेला एकही शेतकरी त्या कालव्यावर अस्तित्वात नाही. एक निश्चिंत आहे आणि दुसरा दर रब्बीला जुगार खेळतो आहे.

राज्यस्तरावरही आकड्यांनी असाच चकवा दिला आहे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालातून दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघ्या ०.१ टक्क्याने वाढल्याचे चित्र पुढे आले आणि सिंचनावरील हजारो कोटींच्या खर्चाचा हिशेब मागितला गेला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्या वादात ‘निर्मित सिंचन क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र’ या दोन आकड्यांतील दरी सर्वांना दिसली. दोन्ही आकडे सरकारी होते. त्यांतील कोणता मोजायचा, हा निर्णय मात्र गुणात्मक होता.

कमी, मध्यम, जास्त : शब्दांची मर्यादा

याचा अर्थ गुणात्मक पद्धत निर्दोष आहे, असा होत नाही. शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. वारंवार घडणारी पण किरकोळ घटना पाच गुणिले एक, म्हणजे पाच. क्वचित घडणारी पण विनाशकारी घटना एक गुणिले पाच, म्हणजेही पाच. चारीचे दार गंजणे आणि महापूर येणे हे दोन्ही धोके नोंदवहीत शेजारी बसतात आणि दोहोंपुढे ‘मध्यम’ असा शेरा पडतो.

गोदाकाठच्या गावांना या ‘मध्यम’ शेऱ्याचा अर्थ चांगला ठाऊक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक विसर्ग झाला. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तो सुमारे तीन लाख क्युसेकपर्यंत पोहोचला आणि परभणीसह मराठवाड्यातील नदीकाठची गावे, पिके व जमिनी पुराच्या तडाख्यात सापडल्या. ज्या धरणात पाणी नाही म्हणून एरवी आंदोलने होतात, त्याच धरणाच्या पाण्याने शिवार खरवडून जावे, हे विरोधाभासी वाटेल. जोखमीच्या भाषेत मात्र ही एकाच धरणाची दोन टोके आहेत. धरण भरून ठेवावे तर पुराची जोखीम वाढते, पावसाळा संपण्याआधी रिकामे ठेवावे तर टंचाईची. कोणत्या तारखेला किती टक्के साठा ठेवायचा, याचे उत्तर ‘जास्त’ किंवा ‘कमी’ या शब्दांत देता येत नाही. तेथे येव्याच्या नोंदी, हवामानाचा अंदाज आणि विसर्गाचे गणितच लागते.

शब्दांची दुसरी मर्यादा म्हणजे त्यांच्या आधारे निधी मागता येत नाही. ‘भूसंपादनात अडचणी येऊ शकतात’ हे वाक्य प्रकल्पाच्या कागदपत्रांत नेहमी आढळते. पण त्या अडचणीपोटी किती महिने आणि किती रुपये राखून ठेवायचे, हे लिहिलेले नसते. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि मोबदल्याचे दर वाढले. रखडलेल्या सर्वच प्रकल्पांना त्याचा भार सोसावा लागला. दुधना नदीवर सेलू तालुक्यात उभारलेला निम्न दुधना प्रकल्प २०१६ मध्ये पंतप्रधान कृषी सिंचन योजनेतील ९९ प्राधान्य प्रकल्पांच्या यादीत समाविष्ट झाला. ही यादी मुळात दीर्घकाळ अपूर्ण राहिलेल्या प्रकल्पांची होती आणि त्या सर्वांसाठी डिसेंबर २०१९ ही अखेरची मुदत ठरवली गेली होती. देशात ९९ मोठे प्रकल्प एकाच वेळी रखडलेले असतात, तेव्हा विलंब हा अपघात राहत नाही. तो नियोजनातच न मोजलेला खर्च असतो.

एका टक्केवारीमागचे राजकारण

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मधील कलम १२ (६) (क) ने टंचाईची झळ खोऱ्यातील सर्वांनी समान वाटून घ्यावी, हे तत्त्व कायद्यात आणले. ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांतील उपयुक्त पाण्याची टक्केवारी, खरिपातील वापर धरून, जवळपास सारखी असावी, असा त्याचा आशय आहे. तत्त्व गुणात्मक होते, ते अमलात आणण्यासाठी आकडा हवा होता. तो हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने २०१३ मध्ये सुचवला. प्राधिकरणाच्या १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबर रोजीचा जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यानुसार २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी, २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी आणि २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचे निर्णय झाले.

येथे संख्येने शब्दाला बळ दिले, हे नाकारता येणार नाही. ‘समन्यायी वाटप’ हे दोन शब्द भाषणापुरते राहिले असते, ते ६५ या आकड्यामुळे अमलात आले. परंतु सोडलेले पाणी आणि पोहोचलेले पाणी यांत अंतर राहते. नदीपात्र कोरडे असेल तर वाळू पाणी पिते. वाटेतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे काढली का, काठावरील पंपांचा वीजपुरवठा बंद केला का, निर्णय आणि विसर्ग यांत किती आठवडे गेले, यावर हे अंतर ठरते.

पुढे २०२३ मध्ये प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली नवा अभ्यासगट नेमला गेला. त्याने ६५ ऐवजी ५८ टक्के ही मर्यादा सुचवली. मराठवाड्यातून त्याला तीव्र विरोध झाला. सात टक्के ही घट कानाला लहान वाटते. ७६.६५ टीएमसी उपयुक्त साठ्याच्या सात टक्के म्हणजे सुमारे ५.३७ टीएमसी. २०२३ मध्ये सोडण्याचे ठरलेल्या पाण्याच्या तुलनेत हे प्रमाण सहा दशांशाहून अधिक भरते.

बाष्पीभवन किती धरायचे, पिण्याच्या व उद्योगांच्या पाण्याची गरज किती मानायची, लाभक्षेत्रातील कोणते पीक गृहीत धरायचे, या प्रश्नांची उत्तरे बदलली की आकडा बदलतो. त्यामुळे हरकत केवळ ५८ किंवा ६५ या आकड्यावर घेऊन भागणार नाही. त्यामागील प्रत्येक गृहीतक मागून घेणे आणि ते परभणीच्या टोकाला लागू पडते का, हे तपासणे अधिक आवश्यक आहे.

एकच ढग, अकरा धरणे

पुढील काळातील प्रस्तावांनाही हीच कसोटी लावावी लागेल. मराठवाड्यातील जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, निम्न दुधना यांसह अकरा धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याची वॉटर ग्रीड योजना इस्रायलच्या मेकोरोट कंपनीच्या सहकार्याने आखली गेली. कल्पना आकर्षक आहे. एका धरणात पाणी नसेल तर दुसऱ्यातून घ्यायचे.

गणिताच्या भाषेत हे जोखमीचे विभाजन झाले. प्रत्येक धरण तुटीत जाण्याची शक्यता चारात एक आणि धरणे एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर दोन धरणे एकाच वर्षी तुटीत जाण्याची शक्यता सोळात एक आणि तीन धरणांची चौसष्टात एक होते. अकरा धरणांची शक्यता तर नगण्यच ठरेल. परंतु मराठवाड्याचे आकाश स्वतंत्र तुकड्यांत विभागलेले नाही. पाऊस रुसतो तेव्हा तो सर्वत्र रुसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा, माजलगाव, निम्न तेरणा, सीना कोळेगाव ही धरणे एकाच वेळी कोरडी होती आणि जायकवाडीही मृतसाठ्यात होते. संगणकाला धरणे स्वतंत्र आहेत असे सांगितले तर तो निःशंक उत्तर देईल. ती स्वतंत्र नाहीत, हे सांगण्याचे काम अनुभवाचे आहे.

जिंतूर तालुक्यातील येलदरीचा अनुभव वेगळा नाही. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली. पुढे वरच्या बाजूला बुलडाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प उभा राहिला आणि येलदरीच्या येव्याचे जुने गणित बदलले. गोदावरीवर जे घडले तेच पूर्णेवर घडले. तरीही वरच्या भागातील पाणीवापर हा स्वतंत्र धोका म्हणून प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या नोंदवहीत पहिल्या ओळीत लिहिला जातो, असे दिसत नाही.

आधी नाव, मग माप

यातून निघणारा निष्कर्ष दोन्ही पद्धती चांगल्या, दोन्ही वापराव्यात, एवढाच गुळगुळीत नाही. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे आणि त्या क्रमात कोण बसतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

धोक्यांना नावे देण्याचे काम प्रथम व्हावे आणि ते ज्यांच्यावर धोका कोसळतो त्यांच्यासह व्हावे. आज प्रकल्प अहवाल सचिवालयात आणि मंडळ कार्यालयांत तयार होतात. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन व्हावे यासाठी २००५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पाणीवापर संस्थांना त्यातून अधिकार मिळाले. या संस्थांच्या, विशेषतः कालव्याच्या शेवटच्या भागातील संस्थांच्या, सांगण्यावरून जोखीम नोंदवही तयार झाली, तर उसाचे क्षेत्र, बुजलेल्या चाऱ्या, रात्रीची पाणीचोरी असे धोके पहिल्याच पानावर येतील.

त्यानंतर मोजमाप यावे आणि ते एका आकड्यात नव्हे, मर्यादांत सांगितले जावे. ‘प्रकल्प चार वर्षांत पूर्ण होईल’ याऐवजी ‘चार ते सात वर्षांत, बहुधा पाच’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. लाभक्षेत्राची विश्वासार्हता संपूर्ण प्रकल्पासाठी एक न देता कालव्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी द्यावी. मानवतच्या शेतकऱ्याला पैठणजवळच्या शेतकऱ्याची सरासरी उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे हा हिशेब एकदा करून कपाटात ठेवण्याचा नाही. दरवर्षी १५ ऑक्टोबरनंतर पाण्याचे चित्र स्पष्ट होते आणि कालवा सल्लागार समिती रब्बी व उन्हाळी आवर्तने ठरवते. गृहीत धरलेले पाणी किती, आलेले किती, शेवटच्या चारीपर्यंत पोहोचलेले किती, हे तीन आकडे त्याच बैठकीत शेजारी शेजारी मांडले, तर पाच वर्षांत प्रत्येक कालव्याची खरी जोखीम कागदावर येईल. त्यासाठी नवे धरण लागत नाही.

दुष्काळाच्या बाबतीत शासनाने असा मार्ग काही अंशी स्वीकारला आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्यमान, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा हे संख्यात्मक निर्देशांक आधी तपासले जातात आणि त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष शिवारपाहणी होते. २०२३ मध्ये राज्यात पहिल्या टप्प्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात परभणी जिल्ह्यातील एकही तालुका नव्हता. निर्देशांकांच्या पहिल्या चाळणीत गळालेल्या तालुक्यात शिवारपाहणीचा टप्पा येतच नाही. म्हणजे येथे क्रम उलटा आहे. मोजमाप आधी आणि माणसांचे म्हणणे नंतर, तेही चाळणीतून उतरलेल्यांचेच.

रब्बीची पेरणी करताना ज्वारी, हरभरा की गहू हा निर्णय शेतकरी पहिले आवर्तन मिळण्याआधीच घेतो. बियाणे, खत, मशागत यांचा पैसा त्याने आधीच गुंतवलेला असतो. शासनाच्या दृष्टीने तूट म्हणजे ताळेबंदातील एक ओळ, त्याच्या दृष्टीने ती संपूर्ण वर्षाची मिळकत. वॉटर ग्रीड असो, नदीजोड असो वा कालव्याचे नूतनीकरण, कोट्यवधींचे नवे प्रस्ताव मांडले जातील तेव्हा लाभाचे आकडे ठळक अक्षरांत असतील. त्या आकड्यांखाली कोणते धोके नोंदवले, ते कोणाला विचारून नोंदवले आणि ते खरे ठरल्यास भार कोण उचलणार, हे तीन प्रश्न परभणीच्या लोकप्रतिनिधींनी आणि पाणीवापर संस्थांनी प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत. पूर्वी ते विचारले न गेल्याची किंमत कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी आजही मोजत आहेत.